‘अजून एक कॉल होऊ दे’ कुठे थांबवायचं? फ्रीलान्सरच्या शोधामागचं साधं गणित

हातातलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की फ्रीलान्सरच्या डोक्यात भुंगा सुरू होतो. एक ऑफर आलेली आहे, बरी आहे, आणि क्लायंटला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. दुसरीकडे पहिला कॉल झालाय, तिथला रेट जास्त असावा असं वाटतंय. तिसरीकडचा रिक्रूटर ‘पुढच्या आठवड्यात कन्फर्म करतो’ म्हणतोय. हे तो गेले तीन आठवडे म्हणतोय. आता हो म्हणायचं की थांबायचं?

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, असं एक जण सांगतो. स्वतःची किंमत पाडून घेऊ नकोस, असं दुसरा सांगतो. दोघांचंही पटतं आणि शुक्रवारचं उत्तर काही निघत नाही. त्यात आता तिसऱ्या सल्ल्याची भर पडली आहे. ‘३७ टक्क्यांचा नियम’ नावाचा एक गणिती तोडगा फॉरवर्ड होत असतो: पहिले ३७ टक्के पर्याय सोडून द्या, मग निवडा. नोकरी, घर, जोडीदार, सगळ्याला तोच लावतात. नियम खरा आहे, गणितही पक्कं आहे. पण फ्रीलान्सरच्या प्रश्नाला तो बसत नाही, आणि का बसत नाही हे नीट पाहिलं की खरं उत्तर सापडायला लागतं.

३७ टक्क्यांचा नियम मुळात कशासाठी आहे

पर्याय एकामागून एक समोर येतात आणि कुठे थांबायचं एवढंच आपल्या हातात असतं, अशा कोड्यांची गणितात एक वेगळी शाखाच आहे. त्यातलं सर्वांत गाजलेलं कोडं ‘सेक्रेटरीचा प्रश्न’ म्हणून ओळखलं जातं. मार्टिन गार्डनर यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ते एका खेळाच्या रूपात मांडलं. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर एक आकडा आहे, तो कितीही छोटा किंवा मोठा असू शकतो. एकेक चिठ्ठी उलटायची आणि ‘हाच सगळ्यांत मोठा’ असं वाटेल तिथे थांबायचं. मागे सोडलेल्या चिठ्ठीकडे परत जायचं नाही.

यातली सर्वोत्तम चाल अशी: सुमारे ३७ टक्के चिठ्ठ्या फक्त बघायच्या, त्यांतला मोठ्यात मोठा आकडा ध्यानात ठेवायचा, आणि पुढे त्याला मागे टाकणारी पहिली चिठ्ठी आली की थांबायचं. अशा खेळीत सर्वांत मोठा आकडा हाती लागण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते.

याची दुसरी बाजू फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. सर्वांत मोठी चिठ्ठी त्या सोडून दिलेल्या पहिल्या गठ्ठ्यातच असण्याची शक्यताही ३७ टक्केच आहे. तसं झालं की पुढे तिला मागे टाकणारं काहीच येत नाही, आपण चिठ्ठ्या उलटत राहतो आणि शेवटची चिठ्ठी, तिच्यावर काहीही असो, गळ्यात पडते. खेळात ठीक आहे. घर चालवायचं असेल तर नाही.

शिवाय या खेळाच्या अटी बघा. एकूण चिठ्ठ्या किती हे आधीपासून माहीत आहे. फक्त पहिला नंबर मोजला जातो, दुसऱ्या नंबरला शून्य. आणि चिठ्ठी उलटायला ना वेळ लागतो ना पैसा. आपल्याकडे यातलं एकही लागू नाही. किती ऑफर येणार हे कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्या नंबरच्या कामाचेही पैसे खात्यात जमा होतात, आणि ते पहिल्याच्या जवळपासच असतात. तिसरी अट तर पार उलटी आहे, कारण आपली प्रत्येक चिठ्ठी उलटायला दिवस जातात.

(मागे वळायचं नाही ही अटही प्रत्यक्षात इतकी कडक नसते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याची पहिली पत्नी १६११ मध्ये वारली. पुढच्या दोनेक वर्षांत त्याने दुसऱ्या लग्नासाठी ११ स्थळं पाहिली आणि अखेर पाचव्या स्थळाकडे परत जाऊन १६१३ मध्ये लग्न केलं. क्लायंटही कधी कधी महिन्याने परत उचलतात. फक्त त्यावर विसंबून राहू नये.)

थांबण्याचं भाडं

एक साधं उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा. दिवसाचा रेट १००, काम ६० दिवसांचं, म्हणजे कामाचे पाच दिवस धरले तर १२ आठवडे. ऑफर हातात आहे. ‘अजून एक आठवडा बघतो’ म्हटलं तर पाच दिवसांचे ५०० गेले. ते पुढच्या ६० दिवसांत भरून काढायचे तर नव्या कामाचा रेट १०८ च्या वर हवा. म्हणजे एका आठवड्याच्या थांबण्याला आठ टक्क्यांहून जास्त वाढ लागते, आणि तेव्हा कुठे आपण जिथे होतो तिथे येतो.

तेच काम २० दिवसांचं असतं तर? मग रेट १२५ ला न्यावा लागेल. आणि २४० दिवसांचं, म्हणजे जवळपास वर्षभराचं असतं तर १०२ च्या थोडं वर पुरेल.

इथेच अर्धा गोंधळ सुटतो. थांबण्याचं भाडं तेवढंच असतं, पण ते किती दिवसांवर वाटलं जातं त्यावर ते परवडतं की नाही हे ठरतं. पर्मनंट नोकरीवाला महिनाभर थांबून थोडा जास्त पगार मिळवतो तेव्हा तो शहाणपणा असतो, कारण ती वाढ वर्षानुवर्षं मिळत राहते. तीन महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टसाठी तेवढंच थांबणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. नोकरीवाल्या मित्राचा सल्ला फ्रीलान्सरला चुकतो तो बहुतेक वेळा इथेच.

मी स्वतः यात पोळलो आहे. तीन महिन्यांचं एक काम मी केवळ ‘माझ्या आकड्याच्या खाली आहे’ म्हणून सोडलं. सात आठवड्यांनी दुसरं मिळालं, रेट दहा टक्के जास्त, मुदत तेवढीच. खूश होतो. मग एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. दहा टक्के वाढ गुणिले ६० दिवस म्हणजे सहा दिवसांची कमाई. घरी बसलो ३५ दिवस. पान फाडून टाकावंसं वाटलं होतं, पण ठेवलं.

मग रेषा कुठे आखायची

सिनेमाच्या तिकिटापासून नोकरीपर्यंत, माहिती मिळवायला वेळ आणि पैसा लागतो आणि त्या खर्चाचाही हिशोब व्हायला हवा, हा विचार अर्थशास्त्रात पक्का रुजवला जॉर्ज स्टिग्लर यांनी, १९६१ च्या एका लेखातून. पुढे १९७० मध्ये जॉन मॅककॉल यांनी काम शोधणाऱ्या माणसाचा हिशोब मांडला, आणि त्यातून निघालेलं उत्तर फार सुटसुटीत आहे. किती ऑफर पाहिल्या, किती दिवस झाले, हे मोजत बसायचं नाही. शोध सुरू करण्याआधी एक आकडा ठरवायचा. त्याच्या वरची पहिली ऑफर आली की शोध थांबवायचा, खालची आली तर पुढे जायचं. या आकड्याला अर्थशास्त्राच्या भाषेत ‘राखीव वेतन’ असं अवजड नाव आहे. आपण त्याला नुसतं ‘रेषा’ म्हणू.

रेषा म्हणजे आपल्याला हवाहवासा वाटणारा रेट नव्हे, मागच्या क्लायंटने दिलेला नव्हे, आणि ओळखीतल्या कुणाला मिळतो तोही नव्हे. एकामागून एक कॉन्ट्रॅक्ट करणाऱ्या माणसाची रेषा त्याच्याच हिशोबातून निघते. गेल्या वर्षाची एकूण कमाई घ्या. तिला कामासाठी मोकळे होतात अशा सगळ्या दिवसांनी भागा, म्हणजे काम केलेले दिवस आणि काम शोधत रिकामे गेलेले दिवस दोन्ही. स्वखुशीने घेतलेली सुट्टी धरू नका. येतो तो आकडा म्हणजे तुमची रेषा.

उदाहरणार्थ, कामाचे २४० दिवस होते. १८० दिवस १०० च्या रेटने काम झालं, ६० दिवस रिकामे गेले. कमाई १८,०००. भागिले २४०, म्हणजे ७५. बाहेर आपण ‘माझा रेट १००’ सांगत असतो आणि ते खरंही असतं, पण आपला एक दिवस प्रत्यक्षात ७५ कमावतो. अशा माणसाला कुणी ८५ ची ऑफर दिली तर त्याला अपमान वाटतो. हिशोबाने मात्र ती रेषेच्या दहाने वर आहे.

असं का, हे एका वाक्यात सांगता येतं. काम घेतलं की आपण क्लायंटला ६० दिवस विकतो, आणि ते दिवस आपल्याकडेच राहिले असते तर आपल्या नेहमीच्या चालीने दिवसाला ७५ च कमावले असते. ७५ च्या मालाला ८५ मिळत असतील तर विकावं.

गंमत म्हणजे पक्षी आणि मधमाश्याही साधारण असंच वागतात का, हे जीवशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की एका झुडपावर मिळणारं खाद्य दिवसभराच्या सरासरीच्या खाली घसरलं की तिथून उडावं. त्या सरासरीत झुडपांमधल्या उड्डाणाचा वेळही धरायचा असतो. आपले रिकामे दिवस म्हणजे तेच उड्डाण.

एक शंका इथे रास्त आहे. गेलं वर्ष वाईट गेलं असेल तर रेषाही खालीच येणार, मग आपण कायम खालीच राहणार का? नाही. रेषा खाली आली की काम लवकर मिळतं, रिकामे दिवस घटतात, सरासरी चढते आणि पुढच्या वर्षीची रेषा आपोआप वर सरकते. दर सहा महिन्यांनी आकडा पुन्हा मांडत गेलं की ती जागेवर येते.

कामाची मुदत बदलली की रेषा बदलते

आता जरा आकड्यांत शिरू. समजा तुमच्या क्षेत्रात सरासरी आठवड्याला एक ऑफर येते, आणि रेट ८० ते १२० च्या दरम्यान कुठेही, सारख्याच शक्यतेने पडतो. कामं सगळी साधारण एकाच मुदतीची असतात, आणि एक संपलं की पुढचा शोध सुरू होतो.

कामं २० दिवसांची असतील तर रेषा नेमकी ८० वर येते. म्हणजे येईल ती पहिली ऑफर घ्या. ६० दिवसांची असतील तर ९५ च्या आसपास. १२० दिवसांची असतील तर १०२ च्या जवळ. २४० दिवसांची असतील तर जवळपास १०७. बाजार तोच, रेट तेच, माणूसही तोच. फक्त मुदत वाढली आणि चोखंदळ होणं परवडायला लागलं.

ऑफर येण्याचा वेगही असाच काम करतो. ६० दिवसांचंच काम, पण ऑफर आठवड्याला एकऐवजी दोन आठवड्यांना एक येऊ लागली तर रेषा ९५ वरून ८६ वर घसरते. बाजार मंदावला की रेट कमी करावा लागतो हे सगळे जाणतात. पण इथे बाजारातला रेट जराही पडलेला नाही. फक्त फोन कमी वाजतोय, आणि तेवढ्याने आपली रेषा नऊने खाली यायला हवी. हे पचायला जड जातं, म्हणून मंदीत लोक जुन्याच आकड्याला धरून बसतात.

जास्त ताणलं तर?

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. वरच्याच उदाहरणात, ६० दिवसांच्या कामांसाठी तीन माणसं घेऊ. पहिला येईल ती ऑफर घेतो. दुसरा ९५ ची रेषा पाळतो. तिसरा म्हणतो, ११० च्या खाली मी बोलतच नाही.

पहिल्याला सरासरी १०० चा रेट मिळतो, पाच दिवस रिकामे जातात. दिवसाची खरी कमाई ९२. दुसऱ्याला सरासरी आठ दिवस थांबावं लागतं, रेट साधारण १०७ मिळतो, खरी कमाई ९५. तिसऱ्याचा रेट सर्वांत भारी, सरासरी ११५. पण त्यासाठी तो दर वेळी वीस दिवस बसून राहतो, आणि त्याची खरी कमाई ८६ वर येते.

तिसरा माणूस आपल्याला सगळीकडे भेटतो. रेट सांगताना त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो, आणि त्या दिवशी तो खोटं बोलत नसतो. तरीही ‘मिळेल ते घेतो’ म्हणणारा, ज्याच्याकडे सगळे जरा कमीपणाने बघतात, तो वर्षाअखेर त्याच्या पुढे असतो.

आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या आणि दुसऱ्यात फरक फक्त तीनाचा आहे. रेषा थोडी खाली चुकली तर फारसं बिघडत नाही, खूप वर चुकली तर महागात पडतं. त्यामुळे नेमका आकडा ९३ की ९७ यावर झोप घालवण्यात अर्थ नाही. शंका असेल तर खालच्या बाजूला चुकावं.

कागदावरची मुदत आणि खरी मुदत

सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे सहा महिने, असं धरून वरचा हिशोब केला तर फसायला होतं. नोटिशीचं कलम वाचा. क्लायंट एका आठवड्याच्या नोटिशीवर कधीही थांबवू शकत असेल, तर कागदावर सहा महिने लिहिलेले असले तरी खात्री एका आठवड्याचीच आहे. उलट काही क्लायंट तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट करतात आणि मुदतवाढ देत देत दोन वर्षं ठेवतात. म्हणून मुदतीच्या जागी कागदावरचा आकडा न घेता, त्या क्लायंटकडे आधी काम केलेल्या कुणाला तरी विचारून आलेला आकडा घ्यावा. हा एक फोन वीस जाहिराती चाळण्यापेक्षा जास्त कामाचा असतो.

पेमेंटचंही तेच. इन्व्हॉइस दिल्यावर १५ दिवसांत पैसे येणारे ९५ आणि ९० दिवसांनी, तेही तीनदा आठवण केल्यावर येणारे १०० यांत मी पहिलं घेईन. आठवण करण्यात जाणारा वेळही कामाचाच वेळ असतो, त्याचं बिल कुणाला लावता येत नाही.

गंगाजळी आटत असेल तर

वरचं गणित असं धरून चालतं की आपण हवं तितकं थांबू शकतो. प्रत्यक्षात बँकेतल्या शिलकीवर एक तारीख लिहिलेली असते. ती तारीख जवळ आली की रेषा एकाच जागी ठेवून चालत नाही, ती उतरती हवी.

लिओ मोझर यांनी १९५६ मध्ये याचं नेटकं कोष्टक काढून दाखवलं. ऑफर ० ते १०० या मापावर कुठेही पडतात आणि आपल्याला एकूण पाचच मिळणार आहेत, असं समजा. मागे फिरता येत नाही. मग पहिली ऑफर ७४ च्या वर असेल तरच घ्यायची. दुसरी ७० च्या वर, तिसरी ६३ च्या वर, चौथी ५० च्या वर, आणि पाचवी जशी येईल तशी. पायऱ्या बघा: सुरुवातीला हळू उतरतात आणि शेवटी धाडकन.

लोक नेमकं उलटं करतात. दोन महिने एकाच आकड्यावर अडून राहतात, मग एका सकाळी घाबरून मिळेल ते घेतात. उतार आधीच कागदावर आखून ठेवला तर ती घाबरगुंडी टळते. पहिले दोन आठवडे हा आकडा, पुढचे दोन हा, त्यानंतर हा.

‘पण पैसा म्हणजे सगळं नाही ना?’

अर्थात नाही. एखादं काम नवं तंत्र शिकवतं आणि पुढच्या दोन वर्षांचा रेट वाढवतं. एखादं जीव नकोसा करतं. गणिताला याचं वावडं नाही, फक्त त्या गोष्टींना आकड्यात आणायला लागतं. स्वतःला विचारा: या क्लायंटकडे काम करण्यासाठी मी रोज किती कमी घ्यायला तयार आहे? दहा? मग त्याच्या ९० च्या ऑफरला १०० समजा. त्या दुसऱ्या, रात्री अकराला फोन करणाऱ्या क्लायंटच्या रेटमधून पंधरा वजा करा. आकडा ओबडधोबड असेल, तरी ‘मला तसं वाटतंय’ यापेक्षा बरा.

एक सावधगिरी मात्र हवी. हा हिशोब ऑफर येण्याआधी करावा. ऑफर समोर आली की मन आधी निर्णय घेतं आणि मग त्याला साजेसे आकडे गोळा करतं.

‘मी काम करता करताच पुढचं शोधलं तर?’

हा खरा तोडगा आहे, आणि फ्रीलान्सरला तो नोकरीवाल्यापेक्षा सहज जमतो, कारण कॉन्ट्रॅक्ट संपणार हे सगळ्यांना माहीत असतं. लपवाछपवी करावी लागत नाही. चालू कामाच्या शेवटच्या आठवड्यांत शोध झाला तर रिकामे दिवस घटतात, सरासरी वर जाते आणि रेषाही वर जाते. थोडक्यात, लवकर शोध सुरू करणाऱ्याला चोखंदळ होण्याचा हक्क मिळतो. काम संपल्यावर शोधायला लागणाऱ्याला तो परवडत नाही.

पण खूप लवकर सुरू करण्यातही अर्थ नसतो. क्लायंटला माणूस दोन-तीन आठवड्यांत हवा असतो, चार महिन्यांनी मोकळा होणाऱ्याशी तो नुसता गोड बोलतो.

‘लवकर थांबलो तर पस्तावणार नाही का?’

थोडंसं पस्तावाल. डॅरिल सील आणि अम्नोन रॅपपोर्ट यांनी १९९७ मध्ये सेक्रेटरीच्या प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत लोक गणिताने सांगितलेल्या जागेच्या आधीच थांबताना दिसले. हे वाचून ‘माणसं उतावीळ असतात’ असं म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. नियमात वाट बघण्याचं भाडं शून्य धरलेलं असतं. खऱ्या माणसाला मात्र बघत बसण्याचाही कंटाळा येतो, आणि तो कंटाळाही एक खर्चच आहे.

दुसरा अभ्यास जास्त बोलका आहे. शीना अय्यंगार, रेचेल वेल्स आणि बॅरी श्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘सर्वोत्तमच हवं’ या वृत्तीच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त पगाराची नोकरी मिळाली. आणि तेच आपल्या नोकरीबद्दल कमी समाधानी होते. पगाराच्या आकड्यावर जाऊन ‘बघा, ताणलेलं बरं’ असं कुणी म्हणेल. पण ती पर्मनंट नोकरी होती, लांब मुदतीची. तिथे ताणणं परवडतं हे आपण वर पाहिलंच. तीन महिन्यांच्या कामाला त्यातला पगार लागू पडत नाही, असमाधान तेवढं लागू पडतं.

‘हो’ म्हटलं की थांबायचं का?

हा प्रश्न गणिताचा नाही, व्यवहाराचा आहे, आणि इथे चूक झाली तर वरचं सगळं वाया जातं. ऑफर रेषेच्या वर आली, फोनवर ‘डन’ म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांना नकार कळवला. आठवड्याने क्लायंटचं बजेट अडकतं. रिक्रूटर फोन उचलत नाही. असं अनेकदा होतं.

‘हो’ आणि ‘सही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हो’ म्हटल्यावर नवीन शोध थांबवावा: नव्या जाहिरातींना सीव्ही पाठवणं बंद, नवे कॉल घेणं बंद. आधीपासून चालू असलेली बोलणी मात्र तोडू नयेत. त्या लोकांना खरं काय ते सांगावं: एका ठिकाणी कागदपत्रं चालू आहेत, तारीख पक्की झाली की कळवतो. यात कुणाचा विश्वासघात होत नाही, आणि समजूतदार क्लायंटला त्यात वावगंही वाटत नाही. दोन्ही बाजूंची सही झाली, सुरू होण्याची तारीख लिहून आली, की त्याच दिवशी बाकीच्यांना कळवून मोकळं व्हावं. उगाच लटकवत ठेवणं हे आपल्याला लटकवणाऱ्या रिक्रूटरसारखंच झालं.

आणि ‘हो’ नंतर, सहीच्या आधी, दुसरीकडून जास्त रेटची ऑफर आली तर? मी तरी सहसा शब्द फिरवणार नाही. छोट्या क्षेत्रात माणसं फिरून फिरून तीच भेटतात, आणि शब्द फिरवल्यामुळे पुढे न आलेल्या ऑफर आपल्याला कधी दिसत नाहीत, म्हणून त्यांचा हिशोबही कुणी मांडत नाही. तरी फरक अगदीच मोठा असेल, दीडपट वगैरे, तर पहिल्या क्लायंटला ताबडतोब, फोन करून, स्वतः सांगावं. त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ मिळायला हवा.

एक बारीक गोष्ट एजन्सीमार्फत काम घेणाऱ्यांसाठी. शोध चालू असताना दोन एजन्सींनी तुमचा सीव्ही एकाच क्लायंटकडे पाठवला तर अनेक क्लायंट वाद नको म्हणून दोन्ही बाजूला ठेवतात. कुणी कुठे पाठवला याची चार ओळींची यादी ठेवली की हे टळतं.

सही झाली की जॉब अलर्ट बंद करा. चालू कामाच्या पहिल्या महिन्यात आणखी रेट बघत बसण्याने हाती काही लागत नाही, हातातलं काम मात्र मनातून उतरतं. कॅलेंडरवर एकच खूण करा: काम संपण्याच्या तारखेआधी, पुढचं काम मिळायला तुम्हाला सहसा जितके आठवडे लागतात तितके मागे. गेल्या तीन वेळचे आठवडे आठवा आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्या. त्या दिवशी सकाळी वहीचं मागचं पान उघडायचं, गेल्या वर्षाची कमाई दिवसांनी भागायची आणि नवी रेषा आखायची.